विघ्नेशचं वय

तंजावूर, ९ ऑक्टोबर १९९५

नागलक्ष्मी अक्काला त्यागराजाचा नमस्कार.

पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव. पण आधी काम ऐक. आपल्या तंजावुरातही आता कुरिअरचं दुकान उघडलं आहे. त्यांच्याकडून एक मोठं पाकीट पाठवलं आहे. त्यात विघ्नेशच्या उजव्या गुडघ्याची एक्स-रे फिल्म आहे. बावीस वर्षं तू पुण्याच्या हॉस्पिटलात फिल्मा काढतेस, तुझ्याइतक्या फिल्मा आमच्या इथल्या डॉक्टरांनीही पाहिल्या नसतील. तू बघ आणि तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखव.

पोरगा यंदा दहावीत. सोळावं चालू आहे. सोळाच्या आतल्या जिल्हा संघात लेफ्ट विंगला खेळतो. जानेवारीत पोंगलच्या सुट्टीत इथंच स्पर्धा आहे, त्यातून राज्याचा संघ निवडतील. राज्याकडून खेळल्याचा दाखला मिळाला की इंजिनिअरिंग कॉलेजात स्पोर्ट्स कोट्यातून जागा मिळते. कंप्यूटरच्या कंपन्या येताहेत, मद्रासला, बंगळूरला. आम्हा मास्तरांच्या पोरांना एवढंच एक दार उघडं आहे.

पण दोन महिने झाले, गुडघा दुखतो. गुडघ्याखाली सुपारीएवढी गाठ आली आहे. मुरिवेण्णै तेल चोळून झालं. कोच सुब्रह्मण्य सर म्हणतात, फुटबॉल म्हणजे एवढं चालायचंच. त्यांच्या अकरा पोरांत एकाचा घोटा सुजलेला, एकाचं बोट वाकडं, गोलीचा खांदा उतरलेला. सर थंड फवारा मारतात आणि उतरवतात मैदानात. डॉक्टरांनी वय पुसलं, सोळा म्हणताच म्हणाले, हाडं पक्की झालीत, स्नायू ओढला असेल, गोळ्या घ्या. गोळी घेतली की खेळतो, उतरली की लंगडतो.

वासुकीचा नमस्कार. तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवतो. माझ्या या बायकोला तमिळ वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत लागतं, पण देवनागरी शिक म्हटलं की स्वयंपाकघरात जाते.

तुझा,
त्यागराज

पुणे, १७ ऑक्टोबर १९९५

त्यागू,

अरे, शाळेत विज्ञान शिकवतोस ना तू? पाकिटात घालायच्या आधी फिल्म खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरून तरी बघायचीस! ही विघ्नेशची फिल्म नाही. तुमच्या त्या एक्स-रेवाल्यानं कुणा लहान मुलाची फिल्म तुझ्या गळ्यात मारली आहे.

सांगते, नीट ऐक. गुडघ्याजवळ हाडाच्या टोकाला एक काळी फट दिसते. हाड वाढतं ते तिथं. वय वाढेल तशी ती मिटत जाते, सोळाव्या वर्षी बहुतेक मिटत आलेली असते. या फिल्ममध्ये ती सताड उघडी आहे. मी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि बाईंना बोलावलं. बाई लांबूनच म्हणाल्या, "बारा-तेरा वर्षांचा आहे गं, कोण हा?" मी म्हटलं, माझा भाचा, सोळाचा. त्या हसल्या. "मग तुझ्या भावाला सांग, दुसऱ्याचा मुलगा घरी नेलाय."

तर उद्याच जा, त्या माणसाला चार शब्द सुनाव आणि बरोबर फिल्म घेऊन पाठव. आणि ज्या कुणाची ही आहे, त्या पोराच्या आईबापांनाही शोध. कारण या पोराच्या गुडघ्याखाली हाडाचं टोक सुजून उचललं गेलंय. याला सहा महिने पळू देता कामा नये. शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या की सोमवारी आमच्या खात्याबाहेर अशा पोरांची रांग लागते. कुणी शहाणा खेळवतो, कुणी शहाणा खेळतो, आणि फिल्मा मी काढते.

दिवाळीला फोन कर. बूथवर मागे रांग आहे म्हणून दोन वाक्यांत ठेवू नकोस.

नागलक्ष्मी

तंजावूर, ३० ऑक्टोबर १९९५

अक्का,

फिल्म विघ्नेशचीच आहे. कोपऱ्यात त्याचं नाव आहे, तारीख आहे. फिल्म काढली तेव्हा मी स्वतः दाराशी उभा होतो.

तुमच्या बाईंचा मान ठेवून लिहितो, पण सगळ्या पोरांची हाडं एका मापानं वाढत नसतील. आपल्या घरात सगळेच उशिरा वाढले. मला मिशी विसाव्या वर्षी आली, तूच चिडवायचीस. तांदळाच्या जेवणाचाही परिणाम असेल. तेव्हा वयाचं सोड आणि एवढंच सांग, कोणतं औषध दिलं तर जानेवारीपर्यंत तो उभा राहील?

संघातल्या पोरांकडं बघशील तर थक्क होशील. सोळाच्या आतली म्हणायची, आणि एकेकाला दाढी. आमचा स्टॉपर सामन्याआधी गालावर वस्तरा फिरवून येतो. सगळे बाप वय कमी करून आणतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांच्यात विघ्नेश टिकतो, हे काय थोडं आहे? उंची आपल्या अप्पांची आणि पाय वाऱ्याचे. परवा कुंभकोणमच्या संघाविरुद्ध दोन गोल केले. सर लाडानं म्हणाले, "थंबी, तुझ्यावरच सगळं आहे." त्या दिवशी घरी आला तो जिन्याच्या तीन पायऱ्या बसून चढला. हेही लिहितो, नाहीतर म्हणशील लपवलं.

त्यागराज

पुणे, ८ नोव्हेंबर १९९५

त्यागू,

तांदळाचं जेवण! अरे, मीही तोच भात खाऊन वाढले. बाईंसमोर वाचलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

काल रात्री मी पडल्या पडल्या हिशेब केला. विघ्नेश झाला तेव्हा तुझी तार आली. तार आली त्या दिवशी आमच्या घरी रंगीत टीव्ही आला होता. आमच्या ह्यांनी दिल्लीच्या एशियाडसाठी घेतला होता आणि तार वाचून मी टीव्हीलाच साखर दाखवली म्हणून अजून चिडवतात. एशियाड ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात झालं. म्हणजे पोराला या महिन्यात तेरा पूर्ण होताहेत. तेरा! सोळा कुठून काढलेस?

सगळी दुनिया पोरांची वयं कमी करते आणि माझा भाऊ तेवढा वाढवून ठेवतो. कशासाठी? डॉक्टरला खोटं, मला खोटं, आणि त्या लेकराला दाढीवाल्यांच्या पायाखाली ढकललंस. त्याची हाडं पोराची, आणि पेलायचं काय, तर बाप्यांचे धक्के. गाठ येणार नाही तर काय होणार! मी इथून ओरडणार आणि तू तिथं कान झाकणार, पालथ्या घड्यावर पाणी.

खरं काय ते लिही. आणि हे पत्र वासुकीला वाचून दाखव. गाळलेलं मला कळतं बरं का. गेल्या वेळी तिनं फोनवर विचारलं, "अक्का, फिल्म चांगली आली ना?" तेव्हाच समजले, तू अर्धंच वाचतोस.

नागलक्ष्मी

तंजावूर, २५ नोव्हेंबर १९९५

अक्का,

विघ्नेशला देवनागरी येत नाही म्हणून हे मोकळं लिहितो. वासुकीला मात्र सगळं वाचून दाखवलं.

सत्याऐंशीच्या जूनमध्ये मी त्याला शाळेत नेलं. साडेचार वर्षांचा होता. घरीच मी त्याला बेरीज-वजाबाकी शिकवली होती, तमिळ वाचत होता. पहिलीत बसवून काय करायचं, थेट दुसरीत घ्या म्हटलं. आमच्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. जन्माचा दाखला कोण मागतो? हेडमास्तर पोराला समोर उभं करून सांगतात, उजवा हात डोक्यावरून टाकून डावा कान धर. बोटं कानाला लागली की पोर शाळेच्या वयाचं झालं. विघ्नेशचे हात लांब. त्यानं नुसता कान धरला नाही, पिळून दाखवला. हेडमास्तर हसले, म्हणाले, दुसरीला सात वर्षं लिहूया, पुढं कुणी पुसणार नाही. आणि लिहिली तारीख, १ जून १९८०. खाली मी सही केली.

तू म्हणशील, कशासाठी. अक्का, माझं लग्न छत्तिसाव्या वर्षी झालं. मी दोन हजार दोन साली रिटायर होणार. सही करताना बोटांवर वर्षं मोजली होती मी. या तारखेनं चाललं तर पोरगा त्याच वर्षी इंजिनिअर होऊन बाहेर पडतो. खऱ्या वयानं चाललं असतं तर मी घरी बसल्यावर दोन-तीन वर्षं त्याचं शिक्षण उरलं असतं. अप्पा रिटायर झाले तेव्हा मी कॉलेजात होतो. फीसाठी त्यांनी कुणाकुणाच्या पायऱ्या चढल्या, तू पाहिलं नाहीस, तुझं लग्न झालं होतं. मी पाहिलं आहे.

आता बदलू म्हटलं तर दहावीच्या परीक्षेला साडेचौदा वर्षं पूर्ण लागतात. तेरा सांगिटलं तर पोरगा परीक्षेला मुकतो. मी सरकारी मास्तर, सही माझी. माझी नोकरी जाते ती वेगळीच.

खेळ बंद केला आहे. सरांना सांगिटलं, परीक्षा होईपर्यंत नाही. तू बाईंना पुसून काय करायचं ते लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

त्यागराज

पुणे, ४ डिसेंबर १९९५

चि. त्यागू,

रागावून लिहिलेलं एक पत्र फाडलं. हे दुसरं.

बाई म्हणाल्या, सहा महिने मैदानाचं तोंड बघायचं नाही. सायकल नाही, उड्या नाहीत. बर्फानं शेकायचं. तेल चोळणं बंद. वाढीचं वय आहे, आपोआप बरं होईल. एवढं साधं आहे रे हे! खरं वय कळलं असतं तर तुमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं असतं.

आता दुसरं, आणि हे तिघांनी बसून ऐका. अशा पोराला जोराचा मार लागला तर हाड त्या फटीपाशीच सरकतं. मग ऑपरेशन. सोळाचा असेल तर जाड स्क्रू घालून मोकळे होतात, कारण त्याची वाढ संपत आलेली असते. तेराच्या पोराला तसले स्क्रू त्या फटीतून आरपार घातले तर तो पाय तिथंच थांबतो आणि दुसरा वाढत राहतो. दोन-तीन इंचांचा फरक पडतो. मी अशा पोरांच्या फिल्मा काढल्यात. टाचेखाली लाकूड लावून चालतात. तेराच्या पोराला बारीक तारा घालतात, फट वाचवून. म्हणून सांगते, कधीही, कुठंही, कुणा डॉक्टरनं त्या पायाला हात लावला तर तुझ्या तोंडातून पहिला शब्द खऱ्या वयाचा निघाला पाहिजे. शाळेच्या वहीचं काय व्हायचं ते होवो. डॉक्टर काही शाळा तपासणीला येत नाही.

परीक्षा दे म्हणावं. ती खोट्या तारखेनं देऊ दे, त्यात मी पडत नाही. पाय मात्र खऱ्या वयाचाच आहे.

खेळ बंद केलास ते बरं केलंस. खरंच केलास ना?

अक्का

पुणे, १० जानेवारी १९९६

त्यागू, महिना झाला, उत्तर नाही. फोन लावला तर शेजारचे म्हणतात, मास्तर शाळेत. रविवारी शाळा? संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवला आहे. मी १४ ते २० सोलापूरला, नणंदेच्या मुलीचं लग्न. तिथं फोन नाही. एका ओळीचं कार्ड टाक, पोरगा बसून आहे एवढंच लिही. अक्का

तंजावूर, २३ जानेवारी १९९६

अक्का,

पोरगा बसून नाही, पडून आहे.

तू पुसलंस, खरंच बंद केलास ना. केला होता. तीन आठवडे. मग सुब्रह्मण्य सर घरी आले. दोन पोरांची वयं पकडली गेली, संघातून काढली. विंगला कुणी नाही. निवडणारे मद्रासहून येणार, एकच सामना, तोही अर्धाच खेळव म्हणाले. विघ्नेश दाराआड उभा राहून ऐकत होता. मी पोराकडं बघितलं आणि 'हो' म्हणालो. वासुकी 'नको' म्हणाली होती. तिचं नाव यात घालू नकोस.

सोळा तारखेचा सामना. अर्धा झाला तरी सरांनी बाहेर काढलं नाही, आणि मीही उठून काढ म्हणालो नाही, कारण तोपर्यंत एक गोल त्याचा झाला होता. साठाव्या मिनिटाला त्यांचा बॅक येऊन धडकला. चांगला बाप्या माणूस. आवाज मला बाकावर ऐकू आला.

मी ऑटो शोधत होतो तोवर सरांनी त्याला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. मी पोचलो तेव्हा कागद भरून झाला होता. खेळाडूच्या कार्डावरून सरांनी उतरवला होता. वय पंधरा, सोळावं चालू. डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड गुडघ्याच्या वर सरकलंय, दोन दिवसांत सूज उतरली की स्क्रू घालू.

अक्का, मी सांगिटलं. तुझी शपथ, त्याच क्षणी सांगिटलं. "डॉक्टर, पोरगा तेरा वर्षांचा आहे. शाळेत वय वाढवून लिहिलंय." डॉक्टर हसले. म्हणाले, "सर, फुटबॉलच्या मोसमात दर वर्षी असे दहा बाप येतात. सगळ्यांची पोरं अचानक लहान होतात, पुढच्या वर्षी धाकट्या गटात घालायला. माझ्याकडून तेराचा कागद हवाय ना? मी असले कागद देत नाही." मी म्हटलं, स्क्रूनं पाय थांबेल. म्हणाले, फट दिसतेय मलाही, काही पोरं उशिरा वाढतात, सोळाव्याला काय उरलंय वाढायचं? मी हात जोडले. त्यांनी सरांकडून शाळेचा दाखला मागवला आणि माझ्यापुढं धरला. "ही सही तुमची ना? तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

तेव्हा सही करणारा मीच, आता ती खोटी म्हणणाराही मीच.

विघ्नेश जन्मला ओरत्तनाडूला, वासुकीच्या माहेरी. तिथल्या जन्मनोंदीत खरी तारीख असणार. सतराला पहिल्या बसनं गेलो. कचेरीला पोंगलचं कुलूप. क्लार्क शेषम्माचं घर शोधून काढलं. ती बिचारी म्हणाली, किल्ली साहेबांकडं, साहेब गावाला. परत येऊन पुण्याला फोन लावला, तू लग्नाला गेलेली. दुसऱ्या डॉक्टरकडं न्यावं म्हटलं तर वेदनेनं पोरगा किंचाळत होता. त्याला हलवायला कुणी धजेना.

अठराला सकाळी ऑपरेशनला न्यायला त्याला ढकलगाडीवर घालून खोलीबाहेर आणलं. मी आडवा उभा राहिलो. डॉक्टर चिडले, पण माणूस वाईट नाही. म्हणाले, "असं करू. पोरालाच पुसू. पोरं खोटं बोलत नाहीत. तो तेरा म्हणाला तर मी थांबतो."

अक्का, आता हे कुणाला सांगू? मी त्याला साडेचार वर्षांचा असल्यापासून पढवलं आहे. शाळेत निघताना दारात उभं करून रोज पुसायचो, वय किती, तारीख कोणती. चुकला तर परत. इन्स्पेक्टर येवो, शेजारी पुसो, मामा पुसो, तीच तारीख. एकदा सातवीत मित्राला खरा वाढदिवस सांगून आला तेव्हा मी त्याला मारलं होतं. एकदाच मारलं आयुष्यात, ते यासाठी.

डॉक्टरांनी वाकून पुसलं, "थंबी, तुझा जन्म कधीचा?"

मी म्हटलं, "विघ्नेश, खरं सांग रे. आज खरं सांग." त्यानं माझ्याकडं बघितलं. पोराला वाटलं, मी दारात उभा राहून पुसतोय. ओठ वाळले होते त्याचे. एकही अक्षर न अडखळता म्हणाला, "एक जून एकोणीसशे ऐंशी, सर."

डॉक्टर माझ्याकडं न बघता आत गेले.

तीन स्क्रू आहेत. फिल्म कुरिअरनं पाठवली आहे, बाईंना दाखव. काही करता येण्यासारखं असेल, लवकर काढता येत असतील, तर तार कर. परीक्षा गेली खड्ड्यात, मी त्याला घेऊन येतो. ओरत्तनाडूचा दाखला बावीसला मिळाला. माझ्या खिशात आहे.

त्या दिवशी दुपारी त्याला शुद्ध आली. वासुकी पाणी आणायला गेली होती. त्यानं माझं बोट धरलं आणि पुसलं, "अप्पा, मी बरोबर सांगिटलं ना?"

मी हो म्हणालो.

त्यागराज